जुने खंड मार्गी लावण्याची सोपी रीत

ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आलात? अभिनंदन! आता कोपऱ्यातल्या कपाटात ‘साधना’ साप्ताहिकाचे जे बांधीव खंड धूळ खात पडलेत, त्यांची आधी विल्हेवाट लावा. आमच्या ग्रंथालयाने परवाच लावली, किलोच्या भावाने. कपाट मोकळं, अहवालात चार पैसे जमा.

खंड उघडून मात्र बघू नका. बघितलात की अडकलात.

ठरावात साप्ताहिकाचं नाव घालू नये. ‘जीर्ण नियतकालिके’ म्हणावं. सूचक, अनुमोदक, चहा.

एखादा म्हातारा सभासद कुरकुर करेलच. त्याला ‘सगळं नेटवर आहे हो काका’ म्हणून वाटेला लावावं. ज्ञानेश्वरीही नेटवर आहे, पण तेवढी रद्दीत घालू नका, लोक चिडतात.

1972चा खंड सगळ्यात आधी काट्यावर ठेवा. त्यात स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचा 15 ऑगस्टचा विशेषांक आहे, आणि त्यात ‘दलित पँथर’चे एक संस्थापक राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला दंड जास्त आणि दलित स्त्रीची अब्रू घेतली तर कमी, हा हिशेब त्यांनी असा काही मांडला की महाराष्ट्रात गदारोळ उठला. या लेखावर आजही लोक तावातावाने भांडतात. ढाले काय म्हणाले हे प्रत्येकाला ठाऊक असतं, लेख वाचलेला मात्र क्वचित सापडतो. मूळ अंकच नसला की काम आणखी सोपं, वाटेल ते वाक्य त्यांच्या तोंडी घाला, ‘दाखवा कुठे आहे’ म्हणणाऱ्याकडे दाखवायला कागदच नाही! आणीबाणीतले अंकही त्याच काट्यावर. तेव्हाचे संपादक यदुनाथ थत्त्यांनी सरकारी रोष पत्करून साप्ताहिक चालवलं. आणि आमच्या कार्यकारिणीच्या मंडळींनो, तुम्ही तर एका रंगाऱ्याच्या घाईपुढे मान टाकलीत. भिंती रंगवायच्या होत्या म्हणे.

साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948ला हे साप्ताहिक काढलं आणि 1950च्या जूनमध्ये ते गेले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसं खपली, म्हणून ते चालत राहिलं. नरेंद्र दाभोलकर 1998पासून संपादक होते. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, तोवर संपादकच होते. दर वर्षी त्यांच्या फोटोला हार कोण घालतं? तुम्हीच ना? आणि त्यांच्या पंधरा वर्षांच्या अंकांचं वजन करताना हात नाही थरथरला?

जागा नव्हती, हे मला सांगू नका. अध्यक्षांच्या सत्काराची सन्मानचिन्हं ठेवायला काचेचं कपाट आहे. रद्दीवाला अजून गोणी परत द्यायला तयार नाही. आज दुपारी जा, पदरचे पैसे घाला आणि उरलेत तेवढे खंड परत आणा.