नडगीची पाटी

परवा फोनवर एकजण घाईघाईने नंबर सांगत होता. जवळ कागद नाही, पेन नाही. मी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि नखाने नडगीवर दहाच्या दहा आकडे लिहून घेतले. पांढरेशुभ्र, ठसठशीत! शाळेत पाटीवरसुद्धा माझं अक्षर इतकं वळणदार कधी आलं नव्हतं.

घर बदललं तेव्हापासून अंग कोरडं पडून त्याची ही पाटी झाली. जुन्या घरी साबण लावला की फेस व्हायचा. इथे नुसता चोथा होतो, फाटलेल्या दुधासारखा. तो धुवायला आणखी पाणी घ्यावं तर चिकटपणा जाता जात नाही. शॉवरची निम्मी भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजली आहेत आणि उरलेली मला सोडून भिंतीला आंघोळ घालतात.

शेजारचे काका पेनासारखा मीटर घेऊन आले, तो बादलीत बुडवला आणि "टीडीएस जास्त आहे" असं गंभीरपणे सांगून गेले. तो मीटर विरघळलेले सगळेच क्षार एकत्र मोजतो, मिठाचेसुद्धा. साबणाचं वाटोळं करतात ते त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यांनीच पाणी जड होतं. म्हणून मी जडपणा मोजायचं किट आणलं. गुलाबी झालेलं पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजत बसायचं. लिटरमागे 180 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी अतिजड. माझ्या बाटलीतले थेंब संपत आले, पाणी गुलाबीच!

मग कुठेतरी वाचलं की उकळल्याने जडपणा कमी होतो. होतो, पण थोडाच. जे क्षार उकळून खाली बसतात तेवढेच. पातेल्याच्या बुडाला चुन्याचा थर जमला. मी मात्र ते कढत पाणी विज्ञानाच्या नावाखाली अर्धा अर्धा तास अंगावर ओतत राहिलो. आठवड्याभरात पाठही पाटी झाली. फक्त तिथे मला लिहिता येत नव्हतं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती गरम घेता?" मी विषय पाण्याच्या जडपणाकडे वळवला. त्या म्हणाल्या, जड पाण्यात साबणाची साय अंगावर राहते, त्याने खाज सुटते, हे खरं. पण त्वचा किंचित आम्लधर्मी, पीएच साधारण 5. साबण 9-10 चा, म्हणजे उलट अल्कधर्मी. त्यात कढत पाणी अंगातलं उरलंसुरलं तेल घेऊन जातं. मी पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं विचारलं. इंग्लंडमध्ये एक्झिमाच्या, म्हणजे इसबाच्या, 336 मुलांवर तोही प्रयोग झालाय म्हणे. 2011 साली निष्कर्ष आला, सॉफ्टनरने एक्झिमात काही विशेष फरक नाही. नळाखाली बसवायच्या यंत्राचं माझं स्वप्न तिथेच वाहून गेलं.

आता साबणाऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, आणि तीही मोजक्याच ठिकाणी. कोमट पाणी. पाच मिनिटं. अंग ओलं असतानाच क्रीम. पाच मिनिटांत माणसाचं एक गाणंसुद्धा धड म्हणून होत नाही हो!

रविवारी राहवलं नाही. गीझर जरा जास्त तापवला, दोन गाणी म्हटली, बाहेर येऊन निरागस चेहऱ्याने पेपर उघडला. बायकोने काही न बोलता माझी बाही वर सरकवली, दंडावर नखाने एक रेघ ओढली आणि ती पांढरी होईपर्यंत थांबली.

"किती वेळ?" तिने विचारलं.