लेप्रेकॉन आणि कोकणची 'बदनामी'

कोकणातल्या भुताखेतांवर एखादी मालिका आली की आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण ठरलेलं. २०१६ साली रंगलं होतं, नंतरही अधूनमधून उसळतंच. एक गट म्हणतो, कोकणची बदनामी थांबवा. दुसरा म्हणतो, आपली संस्कृती आहे, लाजायचं कशाला?

डब्लिनमध्ये बसून हे वाचताना मला जॉन कॉस्टेलो आठवतात. आयर्लंडचे हे माजी पंतप्रधान १९६३ साली संसदेत पर्यटनाच्या जाहिरातींवर असेच वैतागले होते. तीच ती गबाळी टोपी, तोच सोटा आणि वर तो लेप्रेकॉन, म्हणजे आयरिश लोककथांतला बुटका! किती खालच्या पातळीला जायचं, असा त्यांचा सूर होता.

त्यांचा राग मला पटतो. इथल्या दुकानांत नारिंगी दाढीचा, हिरव्या कोटातला जो प्लास्टिकचा बुटका विकतात, तो जुन्या गोष्टींतला नव्हेच. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत त्याचा कोट लाल दिसतो. त्याच्याही कितीतरी आधीच्या गोष्टीत हे बुटके पाण्यातले आहेत. अल्स्टरचा राजा फर्गस किनाऱ्यावर झोपलेला असताना ते त्याला उचलून समुद्रात न्यायला निघतात. गार पाणी पायाला लागताच राजा जागा होतो आणि तिघांना धरून ठेवतो.

लोकांच्या तोंडी टिकला तो मात्र एकांडा मोची. कुंपणाच्या आडोशाला जोडा ठोकत बसलेला, हातोडीच्या टकटकीवरून सापडणारा, सोनं पुरून ठेवणारा. आमच्या आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात, रात्री गावभर फिरून देव ती झिजवतो म्हणून. असं गिऱ्हाईक मिळतं तर बुटक्याला सोनं पुरायची गरजच पडली नसती.

त्याची एक गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. टॉम नावाचा गडी त्याला पकडतो, सोनं दाखव म्हणून दरडावतो. बुटका पिवळ्या फुलांच्या रानटी झुडपांनी भरलेल्या शेतात नेऊन एका झुडपाकडे बोट दाखवतो. टॉमकडे खणायला काही नाही. तो मोज्याचा लाल बंद सोडून झुडपाला बांधतो, 'याला हात लावणार नाही' असं बुटक्याकडून वदवून घेतो आणि फावडं आणायला घरी पळतो. परत येऊन बघतो तर शेतातल्या एकूणएक झुडपाला तस्साच लाल बंद! बुटक्याने शब्द मोडलेला नाही. यातही ज्याला अंधश्रद्धाच दिसते त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

पण संस्कृतीवाल्यांनीही दुसरी बाजू ऐकावी. १८९५ साली आयर्लंडमधल्याच टिपररीत ब्रिजेट क्लिअरी नावाच्या बाईला नवऱ्याने जाळलं. ही माझी बायको नव्हे, परीलोकातल्यांनी तिच्या जागी आणून ठेवलेली दुसरीच कोणी आहे, म्हणून. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेला आपला जादूटोणाविरोधी कायदाही नेमक्या अघोरी कृत्यांना गुन्हा ठरवतो, आजीच्या गोष्टींना नाही. तो वाचलेलं माणूस आमच्या ग्रुपवर दोन्हीकडे अजून भेटायचंय.

आयर्लंडने एक काम मात्र वेळेत केलं. १९३७ ते १९३९ या काळात २६ परगण्यांतल्या प्राथमिक शाळांमधल्या सुमारे ५० हजार मुलांना सांगितलं, की घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत उतरवा. भुतंखेतं, घरगुती औषधं, लोणी काढायची रीत, सगळं. त्या वह्या आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. दुकानातला बुटका त्यामुळे गेला नाही, पण त्याच्याशी ताडून बघायला गावागावातला खरा बुटका शाबूत राहिला. आपल्याकडे मालिकेशी ताडून बघायचं तर काय काढणार? ग्रुपवरचे फॉरवर्ड?

सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. पट घटतोय, तरी आहेत. आज्याही आहेत, आणखी किती वर्षं असतील सांगता येत नाही. निर्मात्यांना निवेदनं देण्यापेक्षा या मे महिन्याच्या सुट्टीत पाचवी ते सातवीच्या मुलांना वह्या वाटा. खर्च आम्ही बाहेरगावच्या मंडळींनी करावा, नाहीतरी ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडतो आम्हीच.