जर्मनीकडून उचलायचंच तर कायदा उचला

मी गोव्याचा, संशोधन करतो जर्मनीत, ब्रेमेनला. फोंड्याच्या कॉलेजात शिकवणारा माझा मित्र गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या ग्रुपवर तापला होता. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांना संशोधनाची जर्नलं वाचता यावीत म्हणून भरलेल्या एकत्र वर्गणीसाठी, केंद्र सरकार तीन वर्षांत ६,००० कोटी रुपये मोजतंय, तेही मुख्यतः वाचण्यासाठी, तोच पैसा एपीसी म्हणून, म्हणजे निबंध सगळ्यांना खुला छापण्याचं शुल्क म्हणून, प्रकाशकांना द्या आणि आपले शोधनिबंध जगाला खुले करा, असं त्याचं म्हणणं. शेवटी टोला: ‘पात्राव, तुमच्या जर्मनीनं केलंच ना हे?’

केलं. पण कसं, ते कोणी विचारत नाही. ‘डील’ म्हणजे जर्मन विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी मिळून प्रकाशकांशी केलेली बोलणी. २०१९ मध्ये वायली या प्रकाशकाशी ‘डील’चा करार झाला, तो निबंधामागे २,७५० युरोंचा. म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. आपल्याकडे जेआरएफला, म्हणजे शिष्यवृत्तीवर पीएचडी करणाऱ्या मुलाला, महिन्याला ३७ हजार मिळतात. एका निबंधात एका मुलाचं अर्धं वर्ष गेलं. एल्सव्हिअर या दुसऱ्या बड्या प्रकाशकाशी तर बरीच वर्षं जमलंच नाही. कितीतरी विद्यापीठांनी त्यांची जर्नलं सोडली आणि २०२३ मध्ये करार होईपर्यंत वर्षानुवर्षं तशीच काढली. आम्ही लेखकांना मेल टाकायचो, प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा मसुदा, शोधायचो, नाहीतर फेर्नलाइयेची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवलेल्या प्रतीची, वाट बघायचो. संशोधन थांबलं नाही. प्रकाशकासमोर इतकं अडून बसायची आपल्या कुलगुरूंची तयारी आहे? मला तरी वाटत नाही.

उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे आणि तिला पैसा लागत नाही. २०१४ पासून जर्मनीच्या कॉपीराइट कायद्याच्या ३८व्या कलमात सोय आहे: किमान अर्धा सरकारी पैसा लागलेलं संशोधन जर्नलात आलं, की बारा महिन्यांनी लेखक आपलं स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे जर्नलनं मान्य केलेला पण प्रकाशकानं अजून न मांडलेला मजकूर, खुला ठेवू शकतो, तो त्याचा हक्क. प्रकाशकाच्या फॉर्मवर काहीही लिहून दिलेलं असो! असं लेखकानं स्वतः फुकट खुलं करण्यालाच ‘ग्रीन’ मार्ग म्हणतात. आपल्याकडे डीएसटी आणि डीबीटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांचं खुल्या संशोधनाचं धोरण त्याच वर्षी, डिसेंबरात आलं, पण ते धोरणच राहिलं. कायदा पाठीशी नसला की कॉपीराइट फॉर्मवर सही करताना प्राध्यापकाचा हात थरथरतो. गोव्यात दोना पावलाला एनआयओ या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी, म्हणजे निबंधांचं खुलं ऑनलाइन भांडार, कधीपासून आहे; माझ्या मित्राच्या फायली मात्र लॅपटॉपमध्ये पडून.

आणि वाचणार कोण, याचा विचार त्या वादात मला कुठं दिसला नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावर खाजनाचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं. मानशींवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर), गाळावर, मांडवीच्या भरती-ओहोटीवर काय थोडं लिहिलं गेलंय? सरकारनं वर्गणी भरली ती आपल्या संस्थांपुरती. त्यात दिवाडीचा शेतकरी नाही, पंचायत नाही, पहिल्या टप्प्यात खासगी कॉलेजचा मास्तरही नाही. ब्राझीलनं १९९८ मध्ये सायेलो हे ऑनलाइन भांडार सुरू करून आपली जर्नलं सगळ्यांना फुकट वाचायला दिली, बरीचशी पोर्तुगीजमध्ये. पणजीचे काही म्हातारे ती वाचू शकतील, वर्गणीमागे अडकलेला खाजनावरचा निबंध मात्र नाही!

तसं गोव्याचं ज्ञान युरोपच्या पत्त्यावरून वाचलं जाणं जुनंच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला; युरोपनं वाचला तो क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाचा लॅटिन संक्षेप, १५६७ मध्ये अँटवर्पहून निघालेला.

इथं माझाही पत्ता सांगायला हवा. दोन वर्षांपूर्वी मांडवीवरचा आमचा एकत्र निबंध आला. ऐन पावसात होडीतून पाण्याचे नमुने घेतले मित्रानं. मी ब्रेमेनमध्ये हीटर लावून आकडे जुळवले. तरी पत्रव्यवहाराचा लेखक, म्हणजे प्रकाशकाशी बोलणारा मुख्य लेखक, मी, कारण ‘डील’ त्याच लेखकाचा पत्ता बघतं. बिल ग्रंथालयानं परस्पर भरलं, मला दिसलंसुद्धा नाही. निबंध खुला झाला, मांडवी ब्रेमेनच्या नावावर चढली. गोव्यात कोणी ‘तुम्ही तिकडचे’ म्हटलं की मी भांडायला उठतो. त्या फॉर्मवर मात्र तिकडचा पत्ता मी स्वतःच भरला, आणि खरं सांगायचं तर जरा ऐटीत भरला.

पुढचा निबंध तयार आहे. मी मित्राला कळवलं, या वेळी तुझा पत्ता घाल, वर्गणीवाल्या जर्नलात एपीसी न भरता दे, आणि प्रकाशकाची मुदत संपली की हस्तलिखित रिपॉझिटरीत टाक. त्याचं उत्तर आलं: ‘टाकतो रे. पण बढतीच्या फॉर्मात त्याचे गुण किती?’

यावर मी जर्मनीचा दाखला देऊ शकलो नाही. इथल्या नेमणूक समित्याही आधी जर्नलचं नावच बघतात.