सात दिवसांत जुळलं ते हाड मोडलंच नव्हतं

'प्लास्टर कापून फेका, हाड 7 दिवसांत जोडा' हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. तो आत्याच्या मोबाईलवर पोचला आणि मनगट प्लास्टरमध्ये असलेली आत्या मला विचारते, "कापून टाकू काय रं हे?" म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं असं: बोटं हलली म्हणजे फ्रॅक्चर नाही, हेअरलाइन हे डॉक्टरांचं खूळ, सुश्रुताच्या पद्धतीनं मालीश करून कामट्या घट्ट आवळल्या की आठवड्यात हाड जुळतं, वर हाडजोडीचा वेल खायचा, आणि प्लेट-रॉड हा निव्वळ धंदा.

बोटं हलतात ती स्नायूंनी ओढल्यावर. हाडाला चीर गेली म्हणून स्नायू काम सोडत नाहीत. हेअरलाइनमध्ये हाड चिरतं, जागचं हलत नाही, एवढंच. भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या नडगीत अशी चीर पडते. दुखणं अंगावर काढून पळत राहिलं तर तीच वाढत जाते. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं मनगटाचं छोटं हाड तर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो.

आता सुश्रुत. मेसेज लिहिणाऱ्यानं सुश्रुतसंहिता उघडलेली नाही, हे नक्की. त्या ग्रंथाच्या निदानस्थान या भागात सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार वेगवेगळे दिलेत. चूर्ण झालेलं, वाकलेलं, नुसतं तडकलेलं, सगळं त्यात आहे. उपचारांच्या भागात, चिकित्सास्थानात, हाड स्थिर व्हायला लहान वयात महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ सांगितलाय. आत्या सत्तरीची आहे, मग आठवडा आला कुठून?

आणि घट्ट पट्टी? तिथेच स्पष्ट म्हटलंय की सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही, आवळून बांधलं तर सूज, वेदना आणि पू होतो. हा मेसेज नेमकं तेच आवळायला सांगतो, माझा राग त्यावर आहे. मोडल्यावर हात सुजणारच. बाहेरून कामट्यांनी जखडला की सुजेला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो, रक्त पोचेनासं होतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. कोपराच्या वर मोडलेल्या लहान मुलांत हे फार वाईट होतं. बोटं आखडून कायमची वाकडी राहतात, गँगरीन झालं तर हात कापावा लागतो. प्लास्टरमध्येसुद्धा दुखणं वाढतच गेलं, बोटं बधिर किंवा पांढरी पडली, सरळ करताना कळ मारली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. मोडक्या कोपरावर मालीश केली तर स्नायूतच हाड धरतं, मग सांधा वाकत नाही.

तालमीतल्या वस्तादांबद्दल बोललं की आपल्याकडं लोक चिडतात. मान्य, मुरगळलेला पाय, लचकलेली पाठ त्यांच्या हाताखाली मोकळी होते. पण मुरगळा बऱ्याचदा आठवडाभरात आपणहून उतरतो. '7 दिवसांत बरं झालं' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं हाड मोडलंच नव्हतं, आणि तसा फोटो कुणी काढलेलाच नसतो.

हाडजोडीवर थोडंफार संशोधन झालंय, हे खरं. पण सरकलेलं हाड पाल्यानं जागेवर येत नाही. उभ्या उभ्या पडून म्हाताऱ्या बाईचं मनगट मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झालीत का, ते डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून बघायला हवं. मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही.

राहिली प्लेट. गरज नसताना ऑपरेशन सांगणारे असतात, हे नाकारून चालणार नाही. गळपट्टीचं हाड पुष्कळदा झोळीतच जुळतं. पण मोठ्या माणसाची मांडी मोडली तर रॉड लागतोच बहुधा. खुब्यात मोडलेली म्हातारी महिनोन्महिने खाटेवर पडून राहिली तर न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी ठरलेल्या. शंका असेल तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरला दाखवा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा. ऑपरेशन न केल्यास काय होईल, हे तोंडावर विचारा.