शंख म्हणजे लोकशाही, एवढंच का?

वादाला तोंड फुटलं ते एका तक्त्यावरून.

आमची एक मैत्रीण इंग्लंडमध्ये लेस्टरला शाळेत इंग्रजी शिकवते. ऑगस्टमध्ये तिकडे सुट्टी असते, म्हणून ती साताऱ्याला घरी आलेली. शाळेपासूनची आमची टोळी तिला आता ‘बाई’च म्हणते. पुढच्या सत्रात तिला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी शिकवायची आहे. सोळाव्या वर्षी तिकडे जी.सी.एस.ई.ची परीक्षा असते, पुस्तक न बघता उत्तरं लिहायची असतात, त्यामुळे मुलं वाक्यं आणि तक्ते पाठ करतात. तसाच एक तक्ता तिने मोबाइलवर दाखवला. शंख म्हणजे लोकशाही. पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान. राल्फ म्हणजे सुव्यवस्था, जॅक म्हणजे हुकूमशाही, सायमन म्हणजे सज्जनपणा, रॉजर म्हणजे क्रौर्य.

“मी हा तक्ता वर्गात लावणार नाहीये,” बाई म्हणाली.

आमच्यातला वकील लगेच सरसावून बसला. “का? रूपककथाच आहे ना ती? मग कशाचा अर्थ काय हे सांगितलं तर बिघडलं कुठे? परीक्षक तेच विचारणार. मुलांचे मार्क तू का घालवतेस?”

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कादंबरी 1954 ची. अणुयुद्ध पेटलंय, इंग्रज मुलांना सुरक्षित जागी नेणारं विमान पडतं आणि सहा ते बारा वर्षांची मुलं एका निर्जन बेटावर अडकतात. मोठं माणूस एकही नाही. सुरुवातीला राल्फला पुढारी निवडतात, शंख फुंकून सभा भरते, ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं असा नियम होतो, धूर दिसावा म्हणून पिगी नावाच्या मुलाच्या चष्म्याच्या भिंगाने डोंगरावर आग पेटवतात. मग जॅकच्या टोळीची डुकराची शिकार, चेहऱ्यावर रंग, अंधारातल्या कुठल्यातरी जनावराची भीती. सायमनला सगळे मिळून मारतात. रॉजर वरून धोंडा लोटून पिगीचा जीव घेतो, त्याच क्षणी शंखाचेही तुकडे होतात. शेवटी राल्फला हुसकून काढायला अख्खं बेट पेटवून देतात.

“तो चष्म्याचा मुद्दा मला पटतच नाही,” आमच्यातला चष्म्याचं दुकान असलेला म्हणाला. सवय आहे त्याला, कुठल्याही गोष्टीत आधी भिंग बघायची. “पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे मायनस नंबर. मायनसचं भिंग अंतर्गोल. ते किरण फाकवतं, एका ठिकाणी आणत नाही. त्या चष्म्याने सात जन्मांत आग पेटणार नाही. आग पेटवायला प्लसचं भिंग लागतं, आजोबांचं.”

वकील म्हणाला, “कादंबरी आहे ती, प्रयोगवही नाही. एवढी सूट लेखकाला द्यावी लागते.”

“देऊ की. पण मग तोच चष्मा विज्ञानाचं प्रतीक म्हणून मुलांकडून पाठ कशाला करून घ्यायचा? नववी-दहावीच्या विज्ञानात भिंगं शिकलेलं पोर उद्या उठून विचारेल.”

मला त्या क्षणी हा मुद्दा बाजूचा वाटला नाही आणि आताही वाटत नाही. रूपक-कादंबरीत सृष्टीचे नियम लेखक ठरवतो. आग पेटायला हवी तिथे ती पेटते, बोटीला दिसायला हवी त्याच दिवशी विझलेली असते. पाऊस कधी पडणार, वादळ कोणत्या रात्री येणार, कुणाचा पाय कुठे घसरणार, हे सगळं त्याच्या हातात. म्हणून शेवटी जो निष्कर्ष आपल्या मनात उतरतो तो अगदी अटळ वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलाला तो निसर्गनियमच वाटतो: माणूस आतून असाच असतो. शिकवणाऱ्याचं काम इथे सुरू होतं, असं मला वाटतं. हा निष्कर्ष रचला कसा गेला, हे मुलांना दिसलं पाहिजे.

वकिलाला हे पटलं, पण त्याच्या पद्धतीने. “म्हणजे साक्षीदारही तोच, वकीलही तोच आणि न्यायाधीशही तोच. उलटतपासणी करायला कुणीच नाही.”

“ती वर्गाने करायची,” बाई म्हणाली.

अण्णा इतका वेळ गप्प होते. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि बाईने धाडलेली ही कादंबरी त्यांनी मागच्याच वर्षी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली होती. त्यांनी विचारलं, “बेटावर एकूण मुलं किती होती?”

कुणालाच सांगता येईना.

“पुस्तकातही कुणाला माहीत नाही. तो जाडा मुलगा पहिल्या दिवसापासून म्हणतोय, नावं लिहून घेऊ, यादी करू. त्याचं कोण ऐकतो? बारकी पोरं इकडून तिकडे पळतायत. मग आग पेटवायच्या नादात रान पेटतं, आणि चेहऱ्यावर जांभळा डाग असलेलं एक पोर त्यानंतर कुणालाच दिसत नाही. त्याचं नावसुद्धा कुणी विचारलेलं नसतं. मी तीसेक वर्षं हजेरी घेतली. तिथे माझं वाचणंच थांबलं. तुमचा शंख वगैरे नंतर. ज्या दिवशी यादी केली नाही त्या दिवशीच ते बेट गेलं.”

बाई म्हणाली, “आणि अण्णा, यादी करा म्हणणाऱ्याचंही खरं नाव पुस्तकात शेवटपर्यंत येत नाही. सगळे त्याला डुकरावरून ठेवलेल्या नावानेच हाक मारतात. तेही एकदाच नाव विचारायला कुणी तयार नाही म्हणून.”

हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. ‘पिगी म्हणजे बुद्धी’ असं लिहिलं की मुलाचे दोन मार्क होतात आणि पिगी हा मुलगा नाहीसा होतो. दम्याने धापा टाकणारा, मावशीच्या आठवणी काढणारा, हसं होतंय हे कळूनही बरोबर तेच बोलत राहणारा. प्रत्येक वर्गात असा एक असतो आणि त्याला ठेवलेलं एक नावही असतं. वर्गातल्या पोरांनी त्याला ओळखल्याशिवाय बुद्धीचं पुढचं काय बोलणार?

रॉजरचंही तसंच आहे. एका प्रकरणात तो वाळूत खेळणाऱ्या लहान हेन्रीला दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती काही यार्डांचं एक वर्तुळ आहे, त्याच्या आत दगड टाकायला त्याचा हात धजावत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा, यांतलं कुणीच बेटावर नाही, पण त्यांचा धाक अजून त्या हातात शिल्लक आहे. पुढे ते वर्तुळ आक्रसत जातं आणि शेवटी तोच हात धोंडा लोटतो. क्रौर्य असं मापाने वाढताना दाखवणारा प्रसंग मी दुसरीकडे वाचलेला नाही. ‘रॉजर म्हणजे क्रौर्य’ म्हटलं की हा सगळा प्रवास वाया जातो. पहिल्या दिवशी रॉजर क्रूर नव्हता, किंवा होता तरी त्याला अडवणारं काहीतरी होतं. ते काय होतं, यावर वर्ग दोन तास बोलू शकेल.

मग निघाली टोंगाची गोष्ट. ती निघणार हे माहीतच होतं, कारण 2020 मध्ये ती जगभर गाजली तेव्हापासून या कादंबरीच्या प्रत्येक वर्गात कुणीतरी ती काढतंच, असं बाई म्हणाली.

1965 च्या जूनमध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा देशातली सहा शाळकरी मुलं एक होडी चोरून समुद्रात पळाली. वादळात शीड फाटलं, सुकाणू मोडलं, आठ दिवस भरकटत ती ‘आता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. 1966 च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली. म्हणजे जवळजवळ सव्वा वर्ष. या काळात त्यांनी दोघादोघांच्या जोड्या पाडून बाग, स्वयंपाक आणि पहारा वाटून घेतला होता. झाडाचे बुंधे कोरून पावसाचं पाणी साठवलं होतं. एकदा पेटवलेली आग विझू दिली नव्हती. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून नीट केला आणि त्याची कामं उचलली. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचं आणि डोकं थंड झाल्यावर परत यायचं, असा नियम केला होता.

“मग संपलाच ना विषय,” चष्मेवाला म्हणाला. “खरी मुलं अशी वागली. गोल्डिंग चुकला.”

“संपला कसा?” आता वकील उलट बाजूला गेला. “ते सहा जण एकाच शाळेतले, मुळात मित्र. तेरा ते सोळा वर्षांचे, समुद्र ओळखणारे. इकडे कितीतरी शाळांतली अनोळखी पोरं, त्यात सहा-सहा वर्षांची, आणि जॅक तर आपली गायनपथकाची आयती टोळी घेऊन आलेला. एका उदाहरणाने दुसरं खोडता येत नाही.”

मला यात एक भर घालायची होती, ती मी घातली. ‘आता’ बेट निर्जन का होतं? तिथे पूर्वी गाव होतं. 1863 मध्ये एका जहाजाच्या कप्तानाने तिथली दीडशेच्या आसपास माणसं फसवून जहाजावर चढवली आणि गुलामीच्या व्यापारात नेली. उरलेल्यांना टोंगाच्या राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. शंभर वर्षांनी ही सहा मुलं तिथे पोचली तेव्हा त्या गावाच्या जागी रानात वाढलेला अळकुडीसारखा कंद, केळी आणि मोकाट कोंबड्या होत्या. मुलं त्यावर जगली. बेट ओसाड करणारे प्रौढ होते, जहाजवाले होते, स्वतःला सुधारलेले म्हणवणारे होते.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, “हे त्या पुस्तकाच्या शेवटाशी जुळतंय की.”

जुळतंच. शेवटच्या पानांवर नौदलाचा अधिकारी किनाऱ्यावर येतो, इंग्रज मुलांकडून यापेक्षा बरं काही अपेक्षित होतं म्हणतो, आणि रडणाऱ्या राल्फवरून नजर काढून आपल्या युद्धनौकेकडे बघतो. तो स्वतः कसली शिकार करून आलाय? मधल्या प्रकरणात मुलं मोठ्यांच्या जगाकडून एखादी खूण मागतात आणि रात्री आकाशातून खाली येतं ते हवाई छत्रीला लटकलेलं सैनिकाचं प्रेत. त्याच प्रेताला मुलं जनावर समजतात. गोल्डिंग सॉल्सबरीला मुलांच्या शाळेत मास्तर होता, आणि 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा नौदलाच्या रॉकेट डागणाऱ्या नौकेवर होता. पुढे त्याने लिहिलं की मधमाशी मध तयार करते तसा माणूस वाईटपणा तयार करतो, आणि त्या वर्षांतून जाऊनही हे ज्याला कळलं नाही तो आंधळा असला पाहिजे. हे मुलांना सांगितलं की पुस्तक कुणाच्या तोंडचं आहे ते कळतं. ‘मोठ्यांचा धाक सुटला की पोरं रानटी होतात’ हे सार बहुतेक वर्गांत शिकवलं जातं, आणि पुस्तकात मोठ्यांनी सबंध जग पेटवलेलं असतं. मला या साराचा मनापासून राग आहे. त्याने शाळेला सोयीचा धडा मिळतो आणि लेखकाचा आरोप दडपला जातो.

बाईची खरी अडचण वेगळीच निघाली. तिच्या वर्गात सोमालियातून आलेल्या घरांतली मुलं आहेत, गुजराती आहेत, पोलिश आहेत. पुस्तकात चेहऱ्याला रंग लावून भाले घेतलेल्या मुलांना निवेदकच ‘रानटी’ म्हणायला लागतो. अंगाला रंग, नाच, सामुदायिक गाणं, म्हणजे अधोगती. हे चित्र कुठून आलं?

अण्णा कोकणातले. ते म्हणाले, “आमच्याकडे दशावतारात माणूस तोंडाला रंग लावतो आणि देव होतो. रात्रभर अख्खं गाव त्याच्या पाया पडतं. रंगाने माणूस रानटी होतो हे ठरवलं कुणी?”

“साहेबाने,” चष्मेवाला म्हणाला. “बाई, हे तू वर्गात सांग. आणि भिंगाचंही.”

“सांगेन. पण सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं तर मुलं पुस्तकाला घाबरणारच नाहीत. आधी घाबरू देत. सायमनच्या मरणाच्या पानावर आवाज बसला पाहिजे त्यांचा. टोंगा नंतर.”

“परीक्षेनंतर,” वकील म्हणाला.

“नाही, पुस्तक संपल्यावर, परीक्षेच्या आधी. पहिल्या तासाला पहिलं प्रकरण वाचायचं आणि वर्गाने बेटावरच्या मुलांची यादी करायची. ती पुरी होणार नाही, ते त्यांचं त्यांनाच कळू दे. आणि शेवटच्या तासाला एक प्रश्न: त्या चष्म्याने आग पेटलीच नसती, तर गोष्ट कुठून बदलली असती?”

वकिलाने तिथेच उत्तर दिलं. आग नाही म्हणजे रान पेटलं नसतं, ते डागवालं पोर वाचलं असतं, चष्म्यासाठी रात्रीचा हल्ला झाला नसता, आणि पिगी तो परत मागायला गेला नसता म्हणजे तोही जगला असता.

“काही बदललं नसतं,” अण्णा म्हणाले. “त्या सभेत आधी त्या डागवाल्या पोराने रानात जनावर पाहिल्याचं सांगितलं. सगळे त्याला हसले. आग त्यानंतर पेटली.”

वकील ऐकेना. बाईने पिशवीतून पुस्तक काढलं आणि दुसरं प्रकरण उघडून त्याच्या हातात दिलं.