स्कायरिममध्ये मॉड टाकण्याआधी काढायला शिका

कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, स्टीमच्या (म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या) सेलमध्ये स्कायरिम घेतलाय, कुठले मॉड टाकू?" सोबत 'हे शंभर मॉड टाकल्याशिवाय खेळूच नका' छापाच्या एखाद्या व्हिडिओची लिंक. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मोठी यादी हवी असेल तर निराशा होईल, आधीच सांगतो. माझं म्हणणं एवढंच की कुठलाही मॉड टाकायच्या आधी स्वतःला विचारा: हा उद्या काढावा लागला तर नीट निघेल का? उत्तर 'माहीत नाही' असेल तर आज टाकू नका. घाई कसली, गेम कुठे पळून चाललाय?

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कायरिम हा बेथेस्डाचा गेम, 11 नोव्हेंबर 2011 ला आला. तलवारी, जादू, ड्रॅगन, बर्फाचे डोंगर आणि वाटेल तिकडे भटकता येईल असा प्रदेश. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच त्यात केलेले फेरफार. कुणी शहरांत झाडं लावतं, कुणी नवीन मोहीम लिहितं, कुणी ड्रॅगनच्या जागी रेल्वेचं इंजिन उडवतं (खोटं नाही सांगत, शोधून बघा). 2002 च्या मॉरोविंडसोबत बेथेस्डाने गेम संपादित करायचं साधन लोकांच्या हाती दिलं होतं. स्कायरिमसाठी तसंच क्रिएशन किट फेब्रुवारी 2012 मध्ये आलं. इतकी वर्षं हा गेम तगून आहे तो या एका निर्णयामुळे, असं मला पक्कं वाटतं. नुसत्या ग्राफिक्सवर तगला असता असं काही ते ग्राफिक्स 2011 मध्येही नव्हते.

सुरुवातीची पद्धत अगदी सरळ होती. झिप उघडायची, आतलं सगळं गेमच्या 'डेटा' फोल्डरमध्ये ओतायचं, विंडोज विचारणार 'रिप्लेस करू का', आपण 'हो' म्हणायचं. त्या 'हो' बरोबर जुनी फाइल गेली. तिसऱ्या मॉडने पहिल्या मॉडच्या कुठल्या फाइल खाल्ल्या याची नोंद कुठेच नाही. मग गेममधल्या विंडहेल्म शहराच्या वेशीवर पोचलं की गेम बंद पडायचा आणि उपाय एकच उरायचा: सगळं उडवा, गेम पुन्हा डाउनलोड करा. महिन्याला अमुक इतकाच डेटा असायचा त्या काळात हा उपाय सांगणाऱ्याला सोपा आणि करणाऱ्याला महाग होता.

मॉड मॅनेजरने, म्हणजे मॉड टाकायच्या-काढायच्या सॉफ्टवेअरने, नेमकी हीच अडचण सोडवली. माझ्या पसंतीचा मॉड ऑर्गनायझर 2 घ्या. तो प्रत्येक मॉड स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेमच्या डेटा फोल्डरला हातच लावत नाही. गेम त्याच्यामार्फत सुरू केला की तो गेमला एक आभासी फोल्डर दाखवतो आणि गेमला वाटतं सगळे मॉड आपल्या आतच आहेत. चित्रावर काच ठेवून काचेवर रंगवावं तसं, काच उचलली की खालचं चित्र जसंच्या तसं. नावापुढची टिक काढली, मॉड बाद. वर त्यात वेगवेगळी प्रोफाइल ठेवता येतात, म्हणजे एक जादूगाराच्या खेळासाठी, एक थंडी-भुकेसकट कडक खेळासाठी, आणि एक जवळजवळ कोरं. ते कोरं प्रोफाइल ठेवाच. गेम क्रॅश झाला की दोष गेमचा की तुमच्या मॉडचा, हे आधी तिथे कळतं.

दुसरा पर्याय, मॉड जिथे मिळतात त्या नेक्सस मॉड्स साइटचा स्वतःचा व्हॉर्टेक्स. गंमत म्हणजे दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. टॅनिन या नावाने ओळखला जाणारा प्रोग्रामर. पहिला मॉड ऑर्गनायझर त्याने लिहिला, मग नेक्ससकडे जाऊन त्याने व्हॉर्टेक्स घडवला आणि मॉड ऑर्गनायझर 2 इतरांनी पुढे नेला. व्हॉर्टेक्स फाइल आपल्याकडे साठवतो आणि डेटा फोल्डरमध्ये त्यांच्या हार्ड लिंक टाकतो, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, प्रत नव्हे. 'पर्ज' दाबलं की लिंक निघतात. साठवणीचं फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर हवेत, नाहीतर या लिंक बनतच नाहीत. नवख्याला व्हॉर्टेक्स सोपा जातो हे मान्य. पण कोण कोणाच्या वर बसलंय हे मॉड ऑर्गनायझरमध्ये एका नजरेत दिसतं, म्हणून मी तिथेच राहिलो. एकाने व्हॉर्टेक्स वापरला म्हणून दुसऱ्याने त्याला अडाणी ठरवायचं, हा प्रकार मात्र मला अजिबात पटत नाही. दोन्हींत मॉड काढता येतो, विषय संपला.

आता बहुतेकांचं घोडं अडतं ती जागा. स्कायरिममध्ये मॉडची भांडणं दोन प्रकारची असतात आणि व्हिडिओवाले ती सर्रास एकत्र करून टाकतात. पहिलं भांडण फाइलींचं: दोन मॉडनी एकाच भिंतीचं टेक्स्चर (वर चिकटवलेलं चित्र) बदललं तर वरचढ ठरवलेल्याचं दिसतं. हे मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या भागात ठरतं. दुसरं भांडण प्लगइनमधल्या, म्हणजे मॉडचे बदल गेमला सांगणाऱ्या फाइलमधल्या, नोंदींचं. गेममधला माणूस, तलवार, खोली, सगळ्याची एकेक नोंद असते. दोन प्लगइननी एकाच नोंदीला हात लावला तर नंतर लोड होणाऱ्याची नोंद चालते, आणि पूर्ण चालते. थोडं याचं, थोडं त्याचं, अशी वाटणी होत नाही. हे उजव्या भागात ठरतं.

उदाहरण गेममध्ये तुमच्यासोबत लढणाऱ्या लिडियाचं. एका मॉडने तिला नवा चेहरा दिला. दुसऱ्याने तिला लढाईत जरा शहाणं केलं, चेहऱ्याशी त्याला घेणंदेणं नाही. दुसरा मॉड नंतर लोड झाला तर त्याच्या नोंदीत चेहऱ्याची माहिती मूळ गेमची, पण चेहऱ्याची फाइल मात्र पहिल्या मॉडची. दोन्ही जुळत नाहीत आणि लिडियाबाई काळ्याठिक्कर चेहऱ्याने, गोऱ्या मानेने समोर उभ्या राहतात. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात, ड्रायव्हर बदलतात. दोष कार्डाचा नसतोच. चेहऱ्याचं प्लगइन यादीत खाली न्या, म्हणजे ते नंतर लोड होऊन चेहरा सुधारेल. पण मग लढाईतला बदल गेला. दोन्ही हवे असतील तर प्लगइनमधल्या नोंदी बघायचं-बदलायचं साधन, एसएसई-एडिट, उघडून दोन्ही नोंदींतलं हवं ते एका छोट्या पॅचमध्ये घ्यावं लागतं. 'लूट' नावाचं साधन प्लगइनचा क्रम लावून देतं, चांगला लावतं, पण ही तडजोड ते करत नाही. 'लूट चालवलंय, तरी असं का' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

एसएसई-एडिट पहिल्यांदा उघडलं की हिशोबाच्या वहीसारखे रंगीत रकाने बघून धडकी भरते. एक संध्याकाळ द्या त्याला. कुठलं प्लगइन कुठली नोंद दाबतंय हे एकदा डोळ्यांना दिसलं की कुणाला विचारत बसायची गरज उरत नाही.

आणि आता मॅनेजरची मर्यादा, जी कुणी मोठ्याने सांगत नाही. मॅनेजर मॉडच्या फाइल काढतो, तुमच्या सेव्हमध्ये (खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलमध्ये) मुरलेला मॉड काढत नाही. टेक्स्चर, आकृत्या, आवाज हे खेळता खेळता टाका, काढा, काही बिघडत नाही. पण मोहिमा, नवी माणसं, पाठीमागे चालणाऱ्या स्क्रिप्ट हे सगळं सेव्ह फाइलमध्ये लिहिलं जातं. असा मॉड मध्येच काढला तर सेव्ह नसलेल्या गोष्टी शोधत राहते. कधी लगेच कळतं, कधी पुढे केव्हातरी एखादी मोहीम पुढेच सरकत नाही. म्हणून माझा नियम असा: दिसण्याचे मॉड केव्हाही, स्क्रिप्टवाले फक्त नवीन खेळ सुरू करताना. मन भरलं तर तो खेळ संपवायचा किंवा सोडायचा, मग काढायचे.

तयार याद्यांबद्दल माझं मत कडू आहे, पण ऐका. वाबाजॅक (याद्या आपोआप बसवणारं साधन) आणि नेक्ससची कलेक्शन्स ही तांत्रिकदृष्ट्या कमालीची कामं आहेत. दुसऱ्याने महिनोन् महिने बसून जुळवलेली शेकडो मॉडची यादी तुमच्या मशीनवर जशीच्या तशी उभी राहते. पण मोठी यादी म्हटली की शेकडो जीबी जागा लागते, आणि नेक्ससचं प्रीमियम नसेल तर प्रत्येक मॉडच्या डाउनलोडला स्वतः क्लिक करत बसा. तेही सोसलं, तरी त्यातला एक मॉड नकोसा झाला तर काय? कोणता पॅच त्यावर टेकलाय हे तुम्हाला माहीत नसतं. यादी बनवणारेही सांगतात, काही जोडू-काढू नका, मग मदत मागायला येऊ नका. त्यांचं बरोबरच आहे. पण मग तो खेळ तुमचा राहिला नाही, तुम्ही त्यांच्या घरात भाड्याने राहताय. ज्यांना नोकरी-घर सांभाळून रात्री तासभर मिळतो त्यांनी खुशाल भाड्याने राहावं. हातात वेळ असलेल्या कॉलेजच्या पोरांनी मात्र स्वतःचं बांधावं.

यात लॅपटॉपचाही प्रश्न येतो. आपल्यातले बरेचजण 4 जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर खेळतात आणि व्हिडिओत बघून 4के टेक्स्चर ओततात. 1080पी स्क्रीनवर घमेल्यावरचं 4के टेक्स्चर कुणाला दिसणार आहे? 2के पुरे, किरकोळ सामानाला 1के. त्या मानाने 2016 मध्ये आलेली स्कायरिमची नवी आवृत्ती, स्पेशल एडिशन, देवासारखी भेटली म्हणायची: 64-बिट असल्याने जुन्या आवृत्तीची 4 जीबी मेमरीची भिंत गेली. प्लगइनची मर्यादा 254 च राहिली, पण हलक्या प्लगइनना वेगळी जागा मिळते, तिथे 4096 पर्यंत मावतात. मावतात म्हणून भरू नका एवढंच.

मग टाकायचं काय? एसकेएसई, म्हणजे मॉडच्या स्क्रिप्टना जास्तीची ताकद देणारं साधन, कारण अर्धं जग त्यावर चालतं. स्काययूआय, कारण मूळ सामानाची यादी कंट्रोलर हातात घेतलेल्यांसाठी बनवलीय आणि माउसवाल्यांचा त्यात जीव जातो. अनऑफिशियल पॅच, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या, कारण विंडहेल्ममधल्या खुनांच्या मोहिमेसारख्या जागा कंपनीने अर्धवट सोडल्यात. या पॅचमधले काही बदल दुरुस्तीपेक्षा करणाऱ्याच्या आवडीचे आहेत अशी तक्रार जुनी आहे आणि मला ती थोडी पटते, तरीही तो हवाच. शेवटचं एसएसई डिस्प्ले ट्वीक्स, विशेषतः 144 हर्ट्झचा स्क्रीन असेल तर. या गेमचं भौतिकशास्त्र सेकंदाला 60 फ्रेम्सला बांधलेलं आहे. त्यापुढे गेलं की गेमच्या सुरुवातीची कैद्यांची गाडी कोलांट्या मारायला लागते; हा मॉड ते थांबवतो. बस. एवढ्यावर वीस-पंचवीस तास खेळा. काय खुपतंय ते तुमचं तुम्हाला कळेल, मग त्यावरचाच मॉड शोधा.

एक बदल मात्र कुठल्याही मॅनेजरमध्ये टिक काढून निघत नाही, तो म्हणजे कंपनीचं अपडेट. 11 नोव्हेंबर 2021 ला दहाव्या वाढदिवसाचं अपडेट आलं आणि एसकेएसईवर टेकलेले ढीगभर मॉड एका रात्रीत मोडले, कारण गेमच्या मूळ फाइलमधले पत्तेच हलले. डिसेंबर 2023 मध्ये विकत घ्यायच्या क्रिएशन्सचं नवं दुकान गेममध्ये बसवताना पुन्हा तेच. लोकांनी जुन्या आवृत्तीवर परत जायचे पॅच लिहिले, हे त्यांचं मोठेपण. कंपनीने स्टीमवर जुनी आवृत्ती निवडायची साधी सोय दिली असती तर काय बिघडलं असतं? तोपर्यंत स्टीममध्ये 'फक्त गेम सुरू करताना अपडेट कर' हे निवडा आणि गेम कायम मॅनेजरमधून सुरू करा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर, एप्रिल 2015 मध्ये स्टीमवर मॉड विकायचा प्रयोग झाला होता. करणाऱ्याला 25 टक्के, बाकी व्हॉल्व्ह (स्टीमची मालक कंपनी) आणि बेथेस्डाचे. इतका गदारोळ झाला की चार दिवसांत गुंडाळला. मॉडवाल्यांना पैसे मिळावेत या मताचा मी आहे. पण कुणाच्या फुकटच्या कामावर दुसऱ्याचं विकाऊ काम उभं, ही गुंतागुंत त्या टक्केवारीत कुठेच धरलेली नव्हती.

याच गुंत्याचं दुसरं टोक 2021 मध्ये दिसलं. कलेक्शन्स मोडू नयेत म्हणून नेक्ससने ठरवलं की टाकलेला मॉड लेखकालाही कायमचा पुसता येणार नाही, तो लपवून साठवणीत राहील. ज्यांना मान्य नव्हतं त्यांना आपलं काम काढून घ्यायला मुदत दिली आणि काही जुन्याजाणत्या लेखकांनी खरोखरच बोचकं उचललं. आता मी इथे वर सगळीकडे 'काढता आलं पाहिजे' म्हणून ओरडतोय, आणि तरी या भांडणात मी नेक्ससच्या बाजूने आहे. माझ्या मशीनवरून मॉड काढणं वेगळं, आणि ज्यावर इतर शंभर मॉड टेकलेत तो सगळ्यांच्या पायाखालून काढणं वेगळं. पण गेलेल्यांचा मला राग नाही. फुकट दिलेल्या कामावर इतकी अट कुणी घातली तर मीही कदाचित गेलो असतो. त्यातल्या काहींचे मॉड दुसऱ्या साइटवर अजून मिळतात. तिथून उतरवा, मॅनेजरमध्ये हाताने टाका, व्यवस्थित चालतात.