वरमालेच्या वेळी कुणी कुणाला उचलू नका

लग्नात वरमाला घालताना नवरदेवाला उचलून धरण्याचा प्रकार आता थांबवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कुणाला राग आला तरी चालेल, पण हे लिहायचंच होतं.

आपल्या बडोद्यातल्या मराठी लग्नांत हे आता सर्रास झालंय. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. नवरी हार घेऊन हात वर करते आणि नेमकी तेव्हाच मित्रमंडळी नवरदेवाला मांड्यांना धरून वर उचलतात. मग इकडून मामेभाऊ, मावसभाऊ धावतात आणि नवरीला उचलतात. शालू सावरावा, की मुंडावळ्या, की हातातला हार, हे तिला समजत नाही. फोटोवाला खालून ओरडतो, ‘अजून एकदा!’ शेवटी हार घातला जात नाही, फेकला जातो.

भाचीच्या लग्नात मी पुढेच उभी होते. तिने फेकलेला हार जावयांच्या फेट्याच्या तुऱ्यात अडकला, ओढाताणीत दोरा तुटला आणि निशिगंधाच्या कळ्या स्टेजभर सांडल्या. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. भाची हसत नव्हती. कुणीतरी तुटलेली टोकं घाईघाईने गाठ मारून जोडली आणि तो आखूड झालेला हार एकदाचा गळ्यात पडला. नंतर अल्बममध्ये हा फोटो सगळ्यात मोठा छापून आला.

मला जास्त लागलं, कारण ते हार मीच सांगून आणले होते. आदल्या दिवशी खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात गेले होते. बाहेरच्यांसाठी सांगते, पुढे महापालिकेची भव्य कचेरी आणि मागे फुलं, भाज्या, अशी ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या काळातली वास्तू आहे. फुलवाल्या काकांनी आधी भाव सांगितलाच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘कोना माटे?’ कुणासाठी? देवासाठी, लग्नासाठी, सत्कारासाठी, की मयतासाठी? लग्न म्हटल्यावर दुसरा प्रश्न, ‘वरराजा केटला ऊंचा?’ जावई उंच आहेत म्हटल्यावर त्यांनी दोरा स्वतःच्या मानेवरून घेऊन पोटापर्यंत सोडला, मग आणखी वीतभर वाढवला आणि तोडला. निशिगंधाची उमललेली फुलं बाजूला काढून फक्त घट्ट कळ्या ओवल्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला त्या अर्धवट उमललेल्या असतील. मधे मधे गुलाब, खाली गोंडा. मानेवर येतो तेवढ्या भागात त्यांनी गुलाब घातला नाही, तिथे कळ्याच ठेवल्या, कारण गुलाबाचा देठ टोचतो. मग ओल्या फडक्यात गुंडाळून म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको.

एवढा विचार त्या हारात होता: कुणाची मान, किती उंची, कुठल्या वेळी घालायचा. पूर्वी चौसष्ट कलांमध्ये माल्यग्रथन ही एक कला धरली जायची. मार्केटमधल्या त्या फळीवर बसलेल्या माणसाला मी कलावंतच म्हणेन.

आता हारातली फुलं बघा. झेंडू आणि निशिगंध यांच्याशिवाय आज आपलं एक कार्य होत नाही. दसऱ्याला तर मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत रस्ते गलगोट्याने, म्हणजे झेंडूने, पिवळे होतात. पण ही दोन्ही फुलं मूळची मेक्सिकोकडची, कोलंबसानंतरच्या काळात समुद्रावरून इकडे आलेली. त्याआधी आपल्याकडे हार होते ते जाई, मोगरा, बकुळ, सोनचाफा, कमळ यांचे. म्हणजे फुलं बदलली आणि कुणाला चुकल्यासारखंही झालं नाही. उद्या ऑर्किडचे हार आले तरी माझी हरकत नाही. बदलली नाही ती हार घालण्याची रीत. घालणारा हात उंचावतो आणि घेणारा मान खाली करतो. हार त्या झुकलेल्या मानेवरून खाली उतरतो. घेणाऱ्याने मान दिली नाही तर घालणाऱ्याला काही करता येत नाही.

म्हणून मी वरमालेबद्दल एवढं बोलतेय. आपल्या लग्नविधींत नवरीने वाकायचे प्रसंग भरपूर आहेत. सासूसासऱ्यांना नमस्कार, थोरांना नमस्कार, उंबरठ्यावर माप ओलांडताना खाली नजर. नवऱ्या मुलाने सगळ्या मांडवासमोर आपल्या बायकोपुढे मान लववायची, असा प्रसंग किती आहेत? मला तरी हा एकच दिसतो. बहुतेक घरांत नवरी आधी हार घालते, म्हणजे आधी तो झुकतो, मग ती झुकते. दोघं बरोबरीने. आणि नेमका हाच प्रसंग आपण पोरांच्या हातात देऊन टाकला! नवरदेवाला वर उचलतात याचा सरळ अर्थ हाच, की त्याने झुकू नये. उचलणाऱ्या पोरांच्या मनात तसं काही नसेलही, पण समोर हात ताणून उभ्या असलेल्या मुलीला काय दिसतं? मला एक शिकलेली मुलगी म्हणाली, ‘आत्या, बाईने वाकायचं ही प्रथाच जुनाट आहे, म्हणून उचललं तर बरंच.’ तिला मी हेच सांगितलं, की अगं, इथे तोही वाकतो. ते तरी हातचं जाऊ देऊ नकोस.

थट्टामस्करीला माझा विरोध नाही. गुजराती लग्नात पोंखताना, म्हणजे मांडवाच्या दारात नवरदेवाचं स्वागत करताना, सासूबाई जावयाचं नाक ओढायला बघतात, बूट पळवले जातात, आपल्याकडे कानपिळीला वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. किती मजा येते! त्यात कुणाचा मान जात नाही. वरमालेची दोन मिनिटं फक्त सोडा.

मान लववणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी इंग्रज बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले, यावर विलायतेतल्या वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला. त्यांच्या मनात काय होतं यावर अजून वाद होतात. पण मान कुणापुढे किती झुकली हे सगळ्या जगाने मोजलं, हे खरं. मग ज्याच्यापुढे मनापासून झुकावंसं वाटतं तिथे तरी आपण ती आनंदाने का झुकवू नये?

सत्काराच्या हारांचंही तेच. निरोप समारंभात, शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे हार घालून घेतात आणि पुढच्या क्षणी काढून टेबलावर ठेवतात. हा विनय आहे असं आपण मानतो, मोठ्यांचं बघून शिकतो. मला तो विनय वाटत नाही. कुणीतरी बाजारात जाऊन, मोजून, सांगून तो आणलेला असतो. हवाई बेटांवर पाहुण्याच्या गळ्यात लेई नावाची फुलांची माळ घालतात. तिथे देणाऱ्यादेखत ती गळ्यातून काढणं असभ्य समजतात. आपणही निदान भाषण संपेपर्यंत हार गळ्यात राहू द्यावा. गुजरातेत खादीच्या चळवळीपासून सुताची आंटी, म्हणजे सुताची लड, गळ्यात घालून स्वागत करायची पद्धत आहे, ती मला फार आवडते. फुलं नसली तरी मान झुकते, आणि आंटी नंतर उपयोगाला येते. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला बुके मात्र या हातातून त्या हातात जातो, त्यात काहीच घडत नाही. आणि पुढाऱ्यांना क्रेनने चढवतात त्या भल्यामोठ्या हारांबद्दल काय बोलणार! एकाच्या हाताने घालता येत नाही आणि एकाच्या गळ्यात मावत नाही, त्याला मी हार म्हणत नाही.

देवाची गोष्ट निराळी. विठोबाला तुळशीचा, शनिवारी मारुतीला रुईचा, गणपतीला दूर्वांचा आणि जास्वंदीचा. तिथे देव झुकत नाही. पण पुजारीबुवा देवाच्या गळ्यातला हार प्रसाद म्हणून आपल्या गळ्यात घालतात तेव्हा आपली मान आपोआप खाली जाते. ती जाणीव ज्याला आहे त्याला मी काय सांगतेय ते लगेच कळेल.

गेलेल्या माणसाला घालायच्या हाराला उलट आपण वाकतो. आणि तसबिरींचं म्हणाल, तर दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तसबिरी भिंतीवर सपाट लावलेल्या नसायच्या. वरचा दोर सैल सोडून त्या पुढे कललेल्या असायच्या. खालून नीट दिसाव्यात म्हणून असेल. पण आजी स्टुलावर उभी राहून हार घालायची तेव्हा आजोबा तिच्याकडे झुकलेत असंच मला लहानपणी वाटायचं. आता तसबीर भिंतीला चिकटून असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा हार. वर्षानुवर्षं तोच, वर धुळीची पुटं. रोज शक्य नसेल तर श्राद्धाच्या दिवशी एकदा ताजा हार घाला, बाकी दिवस तसबीर मोकळी असू द्या. ते जास्त बरं दिसतं.

प्लास्टिकवरून आणखी एक. हल्ली डेकोरेटर लग्नातही नकली झेंडूच्या माळा लावतात, आणि एका घरी तर वरमालाही नकली फुलांच्या पाहिल्या. कारण काय, तर ‘फोटोत सुकलेल्या दिसत नाहीत.’ नळ-दमयंतीची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. स्वयंवरात पाच नळ उभे राहिले, त्यातले चार देव. दमयंतीने खरा नळ ओळखला कसा? देवांच्या पापण्या लवत नव्हत्या, सावली पडत नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि गळ्यातल्या माळा टवटवीत होत्या. नळाची माळ कोमेजली होती. अंगाला घाम होता, पाय भुईवर होते. तिने वरमाला घातली ती त्याच्या गळ्यात. पाय जमिनीवर असलेल्याच्या!

आमच्या घरी पुढचं कार्य मार्गशीर्षात आहे. मुलाच्या मित्रांशी मी स्वतः बोलणार आहे, वरातीत हवं तेवढं नाचा, त्यालाही खांद्यावर घेऊन नाचवा, पण हार घालताना हात लावायचा नाही. मुलीच्या मामांना सांगून ठेवलंय, ते हो म्हणालेत. गुरुजींनाही विनंती केलीय की मंगलाष्टकं संपताच माइकवरून एवढं एक वाक्य बोला. ज्यांच्याकडे या हंगामात लग्न आहे त्यांनी मुलाच्या मित्रांना आठवडाभर आधीच फोन करावा. ऐन मांडवात, बँडच्या आवाजात कुणी कुणाचं ऐकत नाही. आणि हार सांगायला जाल तेव्हा दोघांची उंची विचारून जा, काका विचारतील.